माय, माझ्याकडे तोंड करून बोल

गावच्या फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही चौघं उभे होतो. मी, माय, बाप आणि धाकटा भाऊ सुनील. सुनील तेव्हा सातवीत होता. मी जातोय याचं त्याला काही वाटत नव्हतं, माझी सायकल आता आपल्याला मिळणार या आनंदात तो होता. बाप रस्त्याकडे बघत होता. मायने पिशवीत कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता आणि ती दोनच वाक्यं फिरून फिरून बोलत होती. "पोचना का कागद टाकजो. उपाशी ऱ्हाऊ नको." चौथ्यांदा तेच ऐकल्यावर मी तिच्यावर खेकसलो. एकोणीस वर्षांचा होतो, फाट्यावर ओळखीची माणसं होती आणि ही बाई लोकांसमोर माझी लाज काढते आहे असं मला वाटलं. तेव्हा मला तिचा शब्दन्‌शब्द ऐकू यायचा आणि मला तो नको होता.

एसटीने नंदुरबार, तिथून गाडीने उधना. तुम्ही जे गावी राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे सुरतेला डिंडोली, गोडादऱ्यात येऊन पडलात, त्या सगळ्यांना हे लिहितोय. मला लिहिण्याची सवय नाही. पण आता बोलण्यात माझा काही निभाव लागत नाही, म्हणून कागद घेतला.

सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. पहिल्या दिवशी खात्यात पाय टाकला आणि मला वाटलं वरचं छप्पर कोसळतंय. मास्तर, म्हणजे खात्याचा मुकादम, माझ्या तोंडासमोर येऊन काहीतरी सांगत होता आणि मला फक्त त्याचे पान खाऊन लाल झालेले दात दिसत होते. पंधरा दिवसांत समजलं की इथे कोणी ओरडत नाही, कारण ओरडून उपयोगच नाही. सगळे तोंड मोठं उघडून, आवाज न काढता बोलतात आणि समोरचा ओठ वाचतो. चार मशीन पलीकडचा ओडिया कारीगर तिथूनच मला 'धागा टूटा' म्हणायचा, मी त्याला 'चाय' म्हणायचो, आणि आमचं सगळं ठरायचं. वर्ष-दोन वर्षांत मी हिंदी, गुजराती आणि थोडी ओडिया ओठांवरून वाचायला लागलो. मास्तरची पाठ फिरली की अख्खं खातं त्याला शिव्या घालायचं आणि त्याला पत्ता नसायचा. मला मोठी मौज वाटायची. ही कला शिकता शिकता आपले कान जातायत, हे मला कोणी सांगितलं नाही.

गावी पत्र जायचं, मग बूथवरून फोन जायचा, मग बटणांचा मोबाइल आला. आणि मग हळूहळू गावच्या फोनवर आवाज नीट येईना. मी नेटवर्कला शिव्या दिल्या. कंपनी बदलली. तरी येईना, म्हणून मोबाइल बदलला. तीन वर्षांत तीन मोबाइल बदलले, एका दुकानदाराशी तर हातघाईवर आलो की तू मला खराब पीस दिलास. त्याने माझ्यासमोर त्याच फोनवरून स्वतःच्या बायकोशी पाच मिनिटं आरामात गप्पा मारल्या आणि फोन माझ्या हातात परत ठेवला. त्या दिवशी रिक्षा न करता मी चालत घरी आलो.

डॉक्टरने दोन्ही कान तपासले आणि ते गेल्याचं कागदावर लिहून दिलं, कारण त्याच्या तोंडावर मास्क होता. कानात घालायचं यंत्रही घेऊन पाहिलं. त्यातून आवाज येतो, पण शब्द येत नाहीत. भांडं पडलं तर डोक्यात हातोडा बसतो आणि माणूस बोलला तर नुसती गुणगुण. ते यंत्र आता देवाच्या फळीवर आहे.

तरी मी खात्यात बहिरा नव्हतो, हे तुम्ही समजून घ्या. खात्यात आम्ही सगळेच सारखे. घरी माझी बायको मंगल आधी माझ्या दंडाला हात लावते, मी वळलो की मग बोलते, आणि तिचं तोंड मला मास्तरपेक्षा चांगलं वाचता येतं. म्हणजे सुरतेत माझं चालून जात होतं. मी बहिरा फक्त गावी होतो.

मागच्या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, घरी गेलो तेव्हा हे कळलं. गावाकडे कोणी कोणाकडे तोंड करून बोलत नाही हो. माणसं ओट्यावर शेजारी शेजारी बसतात आणि रस्त्याकडे बघत बोलतात. गुरांना चारा टाकता टाकता बोलतात. आणि माय तर आयुष्यभर चुलीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करूनच माझ्याशी बोलली. चार दिवस मी माणसांच्या पाठी आणि कानशिलं बघत बसलो. तिसऱ्या दिवशी माय चुलीपुढून काहीतरी बराच वेळ सांगत होती आणि मध्येच माझ्याकडे वळून थांबली. काहीतरी उत्तर हवंय एवढं मला समजलं. मी हसून मान हलवली. तिचा चेहरा असा झाला की मी ताटावरून उठलो. नंतर सुनीलने मोबाइलवर लिहून दाखवलं. आमची धुळ्याची मावशी, जिने मला पाचवी-सहावीला सांभाळलं, ती आदल्या महिन्यात गेली होती. माय तेच सांगत होती.

त्यानंतर मी गावी गेलो नाही. सुट्टी मिळत नाही म्हणून सांगायचो.

व्हिडिओ कॉल चालू ठेवला. सुनीलचा फोन साधा, स्वस्तातला. त्यात मायचं तोंड म्हणजे पाण्यात पडलेली सावली. ओठ हलतात ते दिसतं, पण काय हलतात ते कळत नाही. माय दहा-दहा मिनिटं बोलायची, सुनील फोन धरून उभा असायचा आणि शेवटी मला मेसेज टाकायचा, "माय बरी शे." दहा मिनिटांचे तीन शब्द. मला त्या तीन शब्दांचा इतका संताप यायचा की फोन भिंतीवर मारावासा वाटायचा. सुनीलची चूक नव्हती, त्याला शेतात जायची घाई असायची. मंगलला सांगायचो, तू बोल आणि मला सांग. ती बोलायची. पण माय सुनेशी बोलावं तेवढंच बोलायची, हवापाणी, कोणाचं लग्न ठरलं, कापसाला भाव काय. मनातलं सुनेला सांगायची आमच्याकडे रीत नाही, आणि माझी माय रीत मोडणारी नाही. बाप तर कधीच गेलेला, आणि ही अठ्ठ्याहत्तरी गाठलेली बाई. गेल्या पावसाळ्यापासून ती फोनवर डोळे पुसताना दिसायची. का, ते कळायला मला मार्ग नव्हता.

अशात एका रविवारी उधन्याच्या मोठ्या रस्त्यावर मोबाइलच्या शोरूमबाहेर थांबलो. काचेमागे एक फोन उभा करून ठेवला होता आणि त्यात कोणी बाई बोलत होती. आवाज बंद होता. मी सहज बघितलं आणि तिथेच खिळलो. ती बाई काय बोलते आहे ते मला शेवटपर्यंत कळलं. हिंदीत बोलत होती, फोन किती चांगला आहे तेच सांगत होती, पण तिचा एकही शब्द सुटला नाही. दात, जीभ, ओठांची कड, सगळं लख्ख. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. शेवटी आतली सेल्सबाई बाहेर आली. किंमत विचारली. माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होती.

आमची डिंडोलीची खोली पत्र्याची आहे. वर स्लॅब टाकायचा म्हणून मंगल पाच वर्षं साड्यांवर टिक्या चिकटवून पैसे साठवत होती. तिच्या बोटांना आता त्या गोंदाचाच वास येतो. ते पैसे मी मागितले.

"येडा व्हयनात का?" ती म्हणाली. "इतला पैसामा तुम्ही शंभर डाव गावले जाई येशात."

मी म्हणालो, सुट्टी मिळत नाही.

"लबाड नका बोलू," ती म्हणाली. तिने माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं, म्हणजे मी नजर काढून घेऊ शकलो नसतो. "तुम्हले लाज वाटस."

मग मी तिला सगळं सांगितलं, मावशीचंही. गावी गेलो तर माय माझ्याकडे पाठ करून बोलणार, तिला मी कितीदा सांगू की वळ, वळ. जन्माची सवय जाते का? पण फोन तिच्या समोर धरला तर तिला माझ्याकडे तोंड करावंच लागेल. आणि फोन चांगला असला तर मला दिसेल. एकदा तरी तिचं बोलणं मला पूर्ण कळू दे. ती मरेल आणि मला "माय बरी शे" एवढंच माहीत असेल. मी कितव्या पट्टीत बोलत होतो देव जाणे, शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. मंगलने दार लावलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि माझ्याशी न बोलणं म्हणजे नुसतं मान वळवणं असतं, फार सोपं. तिसऱ्या दिवशी पैशांची पिशवी माझ्या उशाशी होती.

फोन घेतला. घरी आणून गावी कॉल लावला. आणि त्या लख्ख पडद्यावर तीच सावली दिसली. तेच पाण्यातलं तोंड, फक्त मोठं.

दुसऱ्या दिवशी शोरूम उघडायच्या आधी मी दारात होतो. सेल्सबाईने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला आधीच समजलं. "काका, सामेवाळानो फोन सारो जोइए ने," ती म्हणाली. म्हणजे समोरच्याचा फोन, चित्र काढणारा, गावचा, तोच चांगला हवा होता. माझा कसाही चालला असता. ज्याला फोन कानाशी धरायची सवय, त्याला एवढी साधी गोष्ट सुचली नाही. परत घ्याल का विचारलं. पेटी फोडली की परत घेत नाही म्हणाली. मी रस्त्यावर उभा राहून हसलो असेन बहुतेक, लोक बघत होते. मंगलने पाच वर्षं टिक्या चिकटवल्या, तो स्लॅब हातात धरून मी उभा होतो आणि तो चुकीच्या गावात होता.

मंगल रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिने फोन टॉवेलात गुंडाळला, पिशवीत भरला आणि म्हणाली, मी घेऊन जाते. टिक्यांचं काम शेजारणीला देऊन ती पहाटेच्या गाडीने निघाली. तिच्या सासरी, मी नसताना, पहिल्यांदा एकटी.

संध्याकाळी मी जुन्या फोनवर कॉल घेतला आणि पडद्यावर माझी माय आली. काय सांगू तुम्हाला. कपाळावरचं गोंदण, डोळ्यांतली फुलं, हनुवटीवरचे दोन पांढरे केस, सगळं दिसलं. ती बोलायला लागली. मी ओठ बघत राहिलो. एक मिनिट, दोन मिनिटं. मला काही कळेना. एक शब्द नाही. चित्रात काही खोट नव्हती. पण खात्यातली माणसं तोंड मोठं करून बोलतात, मंगल माझ्यासाठी बोलते, माय आपली पुटपुटल्यासारखी बोलत होती आणि तिचे पुढचे दात गेले होते. ते कधी गेले? आणि मुख्य म्हणजे हे ओठ मी कधी वाचलेच नव्हते. पन्नाशीला आलेला माणूस, आपल्या आईचं बोलणारं तोंड पहिल्यांदा बघत होता. मी फोन बंद केला आणि पत्र्याकडे बघत पडून राहिलो. स्लॅब गेला, फोन गेला आणि मायही हाती लागली नाही असं वाटलं. त्या संध्याकाळी माझी उमेद पार संपली होती.

मंगलची संपली नव्हती. ती तिथेच राहिली. मायला समोर बसवून तिने शिकवलं, तोंड मोठं उघडा, हळू बोला, एकेक शब्द तोडा, आवाजाची गरज नाही. माय आधी लाजली, पदर तोंडावर घेतला, मग म्हणे हसायला लागली. दुसऱ्या दिवशी मला 'भाकर' समजलं. तिसऱ्या दिवशी 'पाऊस नही' समजलं, आणि मी तेच मोठ्याने म्हटल्यावर मायने टाळी वाजवली. मी त्या दिवशी खात्यात सगळ्यांना चहा पाजला.

चौथ्या दिवशी कॉल आला तेव्हा फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला होता. मंगल दिसत नव्हती. मायने मागे वळून बघितलं, उठली, दार लोटून घेतलं आणि परत येऊन फोनच्या अगदी जवळ बसली. ओसरीवर सुनील आणि त्याची बायको असणार, त्या वेळेला ती दोघं शेतातून आलेली असतात. तिने तोंड उघडलं आणि मंगलने शिकवल्यासारखं, एकेक शब्द तोडून बोलली.

"आठे मनासंगे कोनी बोलत नही."

इथे माझ्याशी कोणी बोलत नाही, मी वाचलं. चुकलो असेन म्हणून मान हलवली नाही. तिने परत तेच म्हटलं. मग म्हणाली, "माले तुनापान ली जाय."

मला तुझ्याकडे घेऊन जा.

तिचा गळा हलत नव्हता. ती आवाज काढत नव्हती हो. इतकी वर्षं सुनील फोन धरून उभा असायचा, त्याच्या हातातल्या फोनवर त्याच्याच घरातून मला ने असं ती कशी म्हणणार होती? आता तिला आवाजाशिवाय बोलता यायला लागलं, त्याच्या चौथ्या दिवशी तिने पहिल्यांदा मनातलं सांगितलं. तेही कोणाला, तर बहिऱ्या मुलाला. जिच्याशी कोणी बोलत नाही तिला ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे यायचं होतं.

माझ्या डोळ्यांसमोर पहिला आला तो पत्रा. उन्हाळ्यात दुपारी या खोलीत आम्ही ओला पंचा अंगावर घेऊन बसतो. स्लॅब असता, वर एक खोली निघाली असती. ते पैसे तिच्यासमोर टेकवून ठेवले होते आणि त्यातून ती मला विचारत होती. माझं मलाच हसू आणि रडू एकदम आलं. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. मी अगदी हळू, तिलाच ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणालो, "ये, माय. तू ये. मी नेतो तुला."

स्वतःच्या आवाजाचं माप माझ्याकडे राहिलेलं नाही, हे मी विसरलो. मंगल नंतर म्हणाली, तुमचा आवाज गल्लीत गेला होता.

मायच्या मागे दार उघडलं. सुनील उभा होता. एवढा महागाचा फोन, मागचंही सगळं स्वच्छ दिसत होतं. मला वाटलं तो चिडेल. तो नुसता उभा राहिला, पायाला शेतातली माती तशीच. मग माझ्याकडे, सरळ माझ्याकडे तोंड करून तो बोलला. त्याला कोणी शिकवलं नव्हतं, तरी मला कळलं.

"मी काय कमी करं?"

त्याने खरंच काही कमी केलं नाही. मायला जेवायला घालतो, दवाखान्यात नेतो, नवं लुगडं घेतो. नुसतं बसून बोलायला त्या घरात कोणाला वेळ नाही, आणि मला तरी सुरतेत कुठे होता? मायने पदर तोंडावर ओढून घेतला आणि मग पडद्यावर नुसता पदर राहिला.

शनिवारी मंगल तिला घेऊन येते आहे. तिच्यासोबत फोन आला की विकायचाय, चौकशी केली, पण वापरलेला म्हणून निम्म्यालाही कोणी मागत नाही. मी शेजाऱ्याकडून एक जुना कूलर ठरवून ठेवला आहे आणि चुलीची, म्हणजे गॅसची जागा बदलली आहे. शेगडी दाराकडे तोंड करून मांडली, म्हणजे ती भाकरी करायला बसली की मी उंबऱ्यात तिच्यासमोर बसू शकेन.

तुम्ही गावी राहिलेले लोक मला विचाराल, आता गावी कधी येतोस. कशाला येऊ? अठ्ठावीस वर्षं मी म्हणत आलो की एक दिवस घरी परत जाईन, आणि ज्या घरासाठी मी हे म्हणत होतो त्या घरातून माझी माय गुपचूप बाहेर पडायला बघत होती. ते घर आता सुनीलचं आहे आणि मी ते एका शब्दात मोडून टाकलं. सुनीलला रोज मेसेज लिहायला घेतो. 'तुनी चूक नही' या तीन शब्दांच्या पुढे काही सुचत नाही.